यशापूर्वींचा डेव्हिड बोवी

कलावंताचें चरित्र सांगणारे लोक बहुधा त्याच्या पहिल्या यशापासून आरंभ करतात, आणि त्यापूर्वींचीं वर्षें 'उमेदवारीचा काळ' एवढ्या दोन शब्दांत गुंडाळून मोकळे होतात. मग त्या काळांतील कृतींकडे दोनच दृष्टींनीं पाहिलें जातें: एक तर त्यांची थट्टा होते, नाहीं तर पुढच्या थोरवीचीं पूर्वचिन्हें म्हणून त्यांचें कौतुक होतें. मुलाचे पाय पाळण्यांत दिसतात, ही म्हण अशा कौतुकाच्या वेळीं फार उपयोगी पडते. पण पाळण्यांतले पाय पाहणाराची नजर पुढच्या चालण्यावर असते, त्या पायांवर नसते. थट्टा असो कीं कौतुक असो, त्या कृती स्वतः काय आहेत हें पाहण्याचें दोन्ही ठिकाणीं राहूनच जातें.

इंग्रज रॉक गायक डेव्हिड बोवी याच्या बाबतींत हा अन्याय विशेष ठळक आहे. १९६९ सालचें 'स्पेस ऑडिटी' हें अंतराळवीराचें गाणें, १९७२ सालचा 'झिगी स्टारडस्ट' हा त्यानें निर्माण केलेला काल्पनिक गायक, १९७७ सालचें 'हीरोज' आणि १० जानेवारी १९१६ नव्हे, २०१६ रोजीं आलेल्या मृत्यूच्या दोनच दिवस आधीं बाहेर पडलेली 'ब्लॅकस्टार' ही शेवटची तबकडी, येथपर्यंतचा त्याचा प्रवास रसिकांना ठाऊक असतो. परंतु १९६४ पासून १९६७ अखेरपर्यंत त्यानें नऊ छोट्या तबकड्या आणि चौदा गाण्यांची एक मोठी तबकडी काढली होती, आणि त्यांपैकीं एकीनेंही त्याला त्या वेळीं नांव मिळवून दिलें नाहीं, हें पुष्कळांस माहीत नसतें; ज्यांस माहीत असतें ते त्याबद्दल जरा संकोचानेंच बोलतात. या लेखाचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, बोवीची म्हणून जी कला पुढें जगन्मान्य झाली ती याच तबकड्यांत घडली. पुढें तिला वेष मिळाला आणि श्रोते मिळाले. पण तिचा प्राण येथेंच तयार झालेला होता.

डेव्हिड रॉबर्ट जोन्स हें त्याचें मूळ नांव. ८ जानेवारी १९४७ रोजीं लंडनच्या ब्रिक्स्टन भागांत त्याचा जन्म झाला आणि ब्रॉम्ली या उपनगरांत तो वाढला. वडील बार्नार्डो या अनाथ मुलांसाठीं काम करणाऱ्या संस्थेंत नोकरीस होते. वडील सावत्र भावानें त्याला जॅझ संगीताची गोडी लावली. घरून मिळालेला प्लास्टिकचा पांढरा सॅक्सोफोन घेऊन हा मुलगा रॉनी रॉस या नामांकित वादकाकडे कांहीं काळ शिकावयास गेला. शाळा सुटल्यावर एका जाहिरातसंस्थेंत त्यानें थोडे दिवस उमेदवारी केली. ही शेवटची गोष्ट किरकोळ नाहीं. जिन्नस कोणताही असो, त्याला चेहरा लागतो, आणि तो चेहरा बनवितां येतो, हें ज्ञान जाहिरातीच्या धंद्यांत पहिल्या आठवड्यांतच होतें.

त्याचें आज उपलब्ध असलेलें सर्वांत जुनें ध्वनिमुद्रण १९६३ सालचें आहे. 'कॉनरॅड्स' नांवाच्या मुलांच्या वाद्यवृंदाबरोबर सोळा वर्षांच्या डेव्हिडनें एक गाणें डेक्का कंपनीस दाखविण्यासाठीं मुद्रित केलें. कंपनीनें तें नापसंत केलें. त्या वाद्यवृंदांतील ढोलवादकाच्या घरीं एका पावाच्या जुन्या टोपलींत ही फीत पडून होती. ती २०१८ सालीं उजेडांत आली आणि लिलावांत तिला एकूणचाळीस हजार पौंडांवर किंमत आली. ही किंमत अर्थातच त्या गाण्याची नव्हे, पुढल्या कीर्तीची होती. डेक्कानें जें फुकट घेतलें नाहीं तेंच पंचावन्न वर्षांनीं एवढ्या मोलास गेलें. आणि या दोन्ही प्रसंगीं गाणें मात्र एकच होतें.

पहिली प्रकाशित तबकडी जून १९६४ मधली. ती निघण्याची हकीकतही त्या काळाला साजेशीच आहे. धुलाईयंत्रांचा एक धनाढ्य व्यापारी जॉन ब्लूम यास या सतरा वर्षांच्या पोरानें पत्र लिहून आपल्या वाद्यवृंदास द्रव्यसाहाय्य मागितलें. ब्लूमनें पैसे दिले नाहींत, पण पत्र लेस्ली कॉन या व्यवस्थापकाकडे पाठविलें आणि त्यानें तबकडी काढून दिली. 'लायझा जेन' हें तें गाणें एका जुन्या अमेरिकन लोकगीतावर उभारलेलें आहे. त्यानंतर मार्च १९६५ मध्यें 'मॅनिश बॉइज' या वाद्यवृंदाबरोबर बॉबी ब्लँड या अमेरिकन कृष्णवर्णी गायकाचें 'आय पिटी द फूल' त्यानें गाइलें. त्यांत गिटार वाजविणारा भाडोत्री वादक म्हणजे पुढें जगप्रसिद्ध झालेला जिमी पेज. तबकडीच्या मागल्या बाजूस 'टेक माय टिप' हें डेव्हिडचें स्वतःचें गाणें होतें.

या आरंभींच्या तबकड्या थोर आहेत असें म्हणण्याचा मोह आवरलाच पाहिजे. त्या काळीं लंडनमधील शेंकडों पोरें अमेरिकन नीग्रो गायकांच्या ब्लूज संगीताची नक्कल करीत होतीं आणि हा त्यांतलाच एक होता. आवाज उसना, उच्चार उसने, दुःखही उसनें. ब्लँडच्या गळ्यांतून जी वेदना सहज येते ती येथें ओढून आणावी लागते. परंतु ही उसनवारी ऐकतांना एक गोष्ट लक्षांत येते. गायकाला दुसऱ्याच्या अंगांत शिरण्याची हौस आहे. मात्र आपण कोणाच्या अंगांत शिरावें, हें त्याला अजून उमगलेलें नाहीं.

नोव्हेंबर १९६५ मध्यें त्याच्या 'लोअर थर्ड' या वाद्यवृंदाची बी.बी.सी.च्या परीक्षकांनीं चांचणी घेतली. त्यांचा लेखी अभिप्राय पुढें प्रसिद्ध झाला आहे. गायकास व्यक्तिमत्त्वच नाहीं, असा त्याचा आशय. पुढें ज्याच्या व्यक्तिमत्त्वावर ग्रंथ लिहिले गेले त्याच्याविषयींचें हें मत वाचून आज हंसूं येतें. तथापि परीक्षक अगदींच बहिरे नव्हते. एक कायमचें, ओळखूं येणारें, स्वतःचें असें व्यक्तिमत्त्व त्या गाण्यांत खरोखरच नव्हतें. त्यांची चूक एवढीच कीं, असें व्यक्तिमत्त्व असल्यावांचून गायक होतां येत नाहीं असें त्यांनीं गृहीत धरलें. ज्याच्यापाशीं स्वतःचा एक ठाम चेहरा नाहीं त्याला अनेक चेहरे घेतां येतात. नटाची सारी विद्या याच उणिवेवर उभी आहे.

त्याच सुमारास त्यानें नांव बदललें. डेव्ही जोन्स नांवाचा दुसरा एक नट-गायक पुढें येत होता, म्हणून अमेरिकेच्या सरहद्दीवरील जिम बोवी या वीराचें, आणि त्याच्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या सुऱ्याचें, आडनांव यानें घेतलें. या नव्या नांवानें जानेवारी १९६६ मध्यें निघालेलें 'कान्ट हेल्प थिंकिंग अबाउट मी' हें गाणें म्हणजे खऱ्या बोवीची पहिली पायरी होय. घराण्याला बट्टा लावून गांव सोडणारा एक तरुण आगगाडीच्या फलाटावर उभा आहे, एवढाच प्रसंग. पण येथें प्रथमच अमेरिका नाहींशी होते. फलाट इंग्लंडमधला आहे, आई इंग्लंडमधली आहे, आणि लाजही इंग्लंडमधल्या लहान गांवाचीच आहे.

या मार्गावरचें पहिलें निर्विवाद यशस्वी गाणें म्हणजे 'द लंडन बॉइज'. १९६५ सालीं पाय या कंपनीसाठीं तें मुद्रित झालें होतें, पण कंपनीनें तें नाकारलें. दुसऱ्यानें मुद्रित होऊन तें डिसेंबर १९६६ मध्यें डेरम कंपनीच्या एका तबकडीच्या मागल्या बाजूस प्रसिद्ध झालें. म्हणजे प्रकाशित होऊनही तें जवळजवळ लपूनच राहिलें. सतरा वर्षांचें एक पोर घर सोडून लंडनला आलें आहे. त्याला येऊन जेमतेम एक महिना झाला. नवे मित्र झकपक कपडे घालतात, रात्र रात्र जागतात, उत्तेजक गोळ्या खातात. त्यांच्यांत आपली गणना व्हावी म्हणून हाही खातो आणि त्याला मळमळतें. खोलीवर खाण्याचे जिन्नस आहेत, पण मीटर बंद असल्यामुळें चूल पेटत नाहीं. ज्याची हांव धरली तें सारें मिळालें आहे आणि पोर एकटें आहे.

वाद्यें संथपणें सुरू होतात, हळूहळू पितळी वाद्यांचा भरणा होतो, आवाज चढतो, आणि ज्या ठिकाणीं विजय वाटावा नेमक्या त्याच ठिकाणीं पोरका होतो. गाणें आरंभापासून अखेरपर्यंत 'तूं' या संबोधनानें चाललें आहे. गाणारा स्वतः अवघा एकोणीस वर्षांचा आहे. पण तो त्या पोराला उपदेश करीत नाहीं, त्याची कींवही करीत नाहीं. तो नुसता पाहतो. लंडनच्या ज्या झगमगाटाचें वर्णन करावयास त्या सालीं वर्तमानपत्रांस शब्द पुरत नव्हते, त्याची किंमत कोणाला चुकवावी लागते याचा इतका शांत हिशेब त्या काळच्या लोकप्रिय गाण्यांत क्वचितच सांपडेल.

याच डेरम कंपनीनें १ जून १९६७ रोजीं 'डेव्हिड बोवी' या नांवाची त्याची पहिली मोठी तबकडी प्रसिद्ध केली. निर्माता माइक व्हर्नन, ध्वनियोजना गस डजन याची. वाद्यांची मांडणी बोवीनें आपला बासवादक मित्र डेक फर्नली याच्या मदतीनें स्वतःच केली. दोघांसही स्वरलेखनाचें रीतसर शिक्षण नव्हतें. संगीतावरील एक लहानसें माहितीचें पुस्तक आणून त्यावरून ते खुणा शिकले आणि तयार झालेलीं स्वरपत्रें मुरलेल्या वादकांपुढें ठेवलीं. गिटार आणि ढोल यांवर जग नाचत असतां या पोरांनीं ट्युबा, बसून, ओबो असलीं वाद्यें बोलाविलीं. हें धाडस अज्ञानाचें होतें खरें, पण कित्येकदां अज्ञानामुळेंच मनुष्य मळलेली वाट सोडतो.

तबकडींतील चौदा गाण्यांपैकीं बहुतेक लघुकथा आहेत. 'अंकल आर्थर' हा बत्तीस वर्षांचा प्रौढ आईच्या पदराखालीं राहतो, लग्न करून निघून जातो, आणि बायकोला स्वयंपाक जमत नाहीं म्हणून परत आईकडे येतो. 'रबर बँड'मध्यें पहिल्या महायुद्धावर गेलेला शिपाई परत येतो तों त्याची प्रेयसी बागेंत वाजविणाऱ्या बँडच्या मुख्याची झालेली असते. तीच ट्युबाची फुगीर धून त्याच्या दुःखाला साथ करते आणि त्याची फजितीही करते. 'लिटल बॉम्बार्डियर' हें वॉल्ट्झच्या तीन मात्रांच्या झुलत्या ठेक्यावरचें गाणें. युद्ध संपल्यावर निकामी झालेला एक एकाकी सैनिक दोन लहान मुलांना खाऊ देऊं लागतो. लोकांना संशय येतो, पोलीस त्याला गांव सोडावयास सांगतात आणि तो जातो. तो निरपराध होता कीं नव्हता, हें गाणें सांगत नाहीं. ठेका झुलतच राहतो आणि श्रोता अस्वस्थ होतो.

'शीज गॉट मेडल्स'मधील स्त्री पुरुषवेषानें सैन्यांत शिरते, पदकें मिळविते, आणि कंटाळा आल्यावर पुन्हां निराळ्या नांवाची स्त्री होऊन लंडनमध्यें राहते. 'सिली बॉय ब्लू'मध्यें ल्हासा येथील एक बालभिक्षु आहे. त्या काळीं बोवी तिबेटी बौद्ध धर्माचा अभ्यास करीत होता आणि लंडनमधील एका लामाकडे त्याचें जाणें-येणें होतें. सर्वांत विलक्षण म्हणजे शेवटचें 'प्लीज मिस्टर ग्रेव्हडिगर'. त्यांत एकही वाद्य नाहीं. पावसाचा आवाज, घंटा, शिंका, आणि खडीवरून चालणाऱ्या पावलांचा आवाज. यांसाठीं बोवी ध्वनिमुद्रणगृहांत खरोखरच पसरलेल्या खडीवरून चालला. स्मशानांतील खड्डे खणणाऱ्याकडे पाहत कोणी एकजण पुटपुटत उभा आहे, आणि तो एका लहान मुलीचा खुनी आहे हें हळूहळू आपल्या ध्यानीं येतें. याला गाणें म्हणावें कीं आकाशवाणीवरील श्रुतिका म्हणावें, असा प्रश्न पडतो.

सारींच गाणीं अशीं सरस आहेत असें नाहीं. 'वी आर हंग्री मेन' यांत लोकसंख्येच्या भीतीवर राज्य करूं पाहणारा एक स्वयंघोषित त्राता आहे. कल्पना भयंकर आणि चांगली. पण नकली आवाजांच्या पोरकट विनोदानें तिचा विचका केला आहे. त्याच वर्षीं एप्रिलमध्यें निघालेलें 'द लाफिंग नोम' हें बुटक्याच्या किनऱ्या आवाजाचें, शाब्दिक कोट्यांनीं भरलेलें गाणें तर पुढें बोवीच्या पाठीस कायमचें लागलें. १९७३ सालीं त्याची कीर्ति वाढलेली पाहून कंपनीनें तें पुन्हां बाजारांत आणलें, तेव्हां इंग्लंडच्या विक्रीच्या यादींत तें सहाव्या क्रमांकावर चढलें. आणि या काळाचें सारें काम त्या एका बुटक्यावरून ओळखण्याची खोड लोकांस लागली.

मोठी तबकडी मात्र पडली. त्याच तारखेस बीटल्सची 'सार्जंट पेपर' प्रसिद्ध झाली हा दैवाचा खेळ झाला, पण अपयशाचें कारण तेवढेंच नाहीं. रॉकच्या श्रोत्यांत त्या सुमारास एक नवा धर्म रूढ होत होता: गायकानें आपलेंच काळीज उघडून दाखवावें, स्वतःचें गाणें स्वतःच्या अनुभवांतून गावें, आणि जो असें करणार नाहीं तो लटका. या कसोटीला अंकल आर्थर आणि तो निकामी सैनिक उतरणें शक्यच नव्हतें. नाट्यपदांवर वाढलेल्या मराठी श्रोत्याला या प्रकाराचा अचंबा वाटेल. रंगभूमीवर उभा राहून पद गाणारा नट स्वतःच्या घरचें दुःख गातो असें आपण कधींच समजलों नाहीं. पात्राचें दुःख पात्राच्या तोंडून खरें वाटलें म्हणजे आपण त्याला दाद देतों. बोवीला हवा होता तो असला श्रोता, आणि १९६७ सालच्या लंडनमध्यें रॉकच्या दुकानांत तो येत नव्हता.

यावर एक आक्षेप नेहमीं घेतला जातो आणि तो वजनदार आहे. हीं गाणीं म्हणजे अँथनी न्यूली या लंडनच्या नट-गायकाची निव्वळ नक्कल आहे, असें म्हणतात. न्यूलीचे लांबविलेले स्वर आणि लंडनच्या रस्त्यावरले उच्चार येथें जागोजाग ऐकूं येतात, हें नाकबूल करतां येणार नाहीं. पण नक्कल कशाची झाली याला महत्त्व आहे. बाकीचे इंग्रज गायक अमेरिकन उच्चारांत गात असतां न्यूलीपासून बोवीनें आपल्या गांवची बोली गाण्यांत आणण्याची मुभा घेतली. शिवाय न्यूली पात्र रंगवितांना प्रेक्षकांकडे पाहून डोळा मिचकावतो. बोवीच्या चांगल्या गाण्यांत तो डोळा मिचकावणें मधूनच थांबतें आणि पात्राच्या मागें एकदम अंधार दिसूं लागतो. 'लिटल बॉम्बार्डियर'मधील तो अंधार न्यूलीपासून घेतलेला नाहीं. याच सुमारास बोवीचा व्यवस्थापक केनेथ पिट यानें न्यूयॉर्कहून 'व्हेल्व्हेट अंडरग्राउंड' या वाद्यवृंदाच्या अप्रकाशित तबकडीचा नमुना आणून त्याला दिला होता. एका कानानें वॉल्ट्झ आणि दुसऱ्या कानानें न्यूयॉर्कच्या गल्लींतील नशाबाजांचीं गाणीं ऐकणारा हा विशीचा मुलगा साधा नकलाकार नव्हता.

पुढली हकीकत थोडक्यांत सांगतां येईल. सप्टेंबर १९६७ मध्यें टोनी व्हिस्काँटी या तरुण अमेरिकन निर्मात्याबरोबर त्यानें 'लेट मी स्लीप बिसाइड यू' आणि 'कर्मा मॅन' हीं दोन गाणीं मुद्रित केलीं. कंपनीनें तीं प्रसिद्ध केलीं नाहींत. १९७० सालच्या एका संकलनांत तीं प्रथम दिसलीं. १९६८ सालीं कंपनीचा आणि त्याचा संबंध संपला. परंतु याच पडलेल्या तबकडीमुळें मूकनाट्याचा आचार्य लिंडसे केम्प याचें लक्ष त्याच्याकडे गेलें. केम्पच्या प्रयोगांत तो गाऊं लागला आणि अंगाच्या भाषेचे धडे घेऊं लागला. बाजारानें जिला टाकलें तिनेंच त्याला रंगभूमीचें दार उघडून दिलें.

मग जुलै १९६९ मध्यें 'स्पेस ऑडिटी' आलें. त्याचा निर्माता होता गस डजन; म्हणजे खडीवरल्या पावलांचा आवाज ज्यानें टिपला तोच मनुष्य. त्या गाण्याची घडण पाहावी: दोन पात्रें, त्यांचा संवाद, मधलें अफाट अंतर, आणि शेवटीं एका पात्राचें कायमचें गप्प होणें. ही अगदीं 'ग्रेव्हडिगर'च्या जातीची श्रुतिका आहे. फरक एवढाच कीं स्मशानाच्या जागीं आकाश आलें आणि त्याच महिन्यांत माणसाचें पाऊल चंद्रावर पडल्यामुळें श्रोते कान देऊन बसले होते. झिगी स्टारडस्ट हा 'हंग्री मेन'मधील त्राताच आहे, मात्र आतां त्याचा विनोद ओसरला आहे आणि मोह वाढला आहे. स्त्री-पुरुषांच्या वेषांची अदलाबदल त्यानें सत्तरच्या दशकांत अंगावर वागविली, ती १९६७ मध्यें गोष्टीच्या रूपानें सांगून झाली होती.

येथें सावध राहिलें पाहिजे. असें साम्य दाखवीत गेलें म्हणजे आरंभीं ज्याची तक्रार केली तोच दोष आपल्याही हातून होतो. जुन्या गाण्यांना नव्या गाण्यांचे केवळ अंकुर ठरविलें जातें. वास्तविक या गाण्यांत असें कांहीं आहे जें बोवीनें पुढें गमावलें. झिगी किंवा त्याच्यामागून आलेलीं पात्रें हीं सारीं असामान्य होतीं: तारे, प्रेषित, सम्राट, परग्रहवासी. अंकल आर्थर, तो सैनिक, मळमळणारें तें पोर हीं सामान्य माणसें आहेत; त्यांच्याकडे कोणी वळून पाहणार नाहीं. अशा माणसांसाठीं गाण्यांत जागा करून देण्याची जी कळकळ या विशींतल्या मुलापाशीं होती ती पुढच्या वैभवांत विरळ होत गेली.

बोवीला स्वतःला हें जाणवलें असावें. पुष्कळ वर्षें त्यानें या काळाकडे पाठ फिरविली होती. परंतु २००० सालीं, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षीं, 'लंडन बॉइज', 'सिली बॉय ब्लू', 'कान्ट हेल्प थिंकिंग अबाउट मी' आदिकरून जुनींच गाणीं त्यानें आपल्या तेव्हांच्या वादकांसह पुन्हां मुद्रित केलीं. या संग्रहाला त्यानें 'टॉय', म्हणजे खेळणें, असें नांव दिलें. कंपनीनें तोही प्रसिद्ध केला नाहीं. जणूं या गाण्यांच्या कपाळीं नकारच लिहिलेला होता. तो संग्रह २०२१ सालीं, गायकाच्या मृत्यूनंतर, बाहेर आला.

दोन्ही 'लंडन बॉइज' एकापाठोपाठ ऐकण्यासारखीं आहेत. दुसऱ्यांत आवाज भरदार आहे, वादन निर्दोष आहे, आणि बोलण्यांत त्या पोराविषयीं मायाही आहे. कारण गाणाऱ्याला आतां त्या वाटेचा शेवट ठाऊक आहे. पहिल्यांत तो ठाऊक नाहीं. गाणारा आणि पोर यांच्यांत दोनच वर्षांचें अंतर आहे, आणि आपण दोघेही बुडूं कीं तरूं हें गाणाऱ्याला सांगतां येत नाहीं. १९६६ सालच्या त्या मुद्रणांत ही जी अनिश्चितता आहे ती कोणत्याही कौशल्यानें पुन्हां आणतां येत नाहीं. खुद्द बोवीलाही ती आणतां आली नाहीं. यशापूर्वींच्या कृती ऐकावयाच्या त्या याकरितां. तो बोवी होणार हें आपल्याला माहीत आहे; त्याला तें माहीत नव्हतें, आणि तरीही त्यानें तें गाणें इतक्या निश्चल नजरेनें गाइलें.